फिरती भट्टी

"मामा, आपल्या शेडमध्ये दुसरी एखादी भट्टी आहे का हो?"

सुनीती मगदूम मॅडमनी हे विचारलं तेव्हा सर्जेराव चौगुले बशीत चहा ओतत होता. त्याचा हात तसाच राहिला. भोवतीच्या पाचसहा जणांनी आधी मामाच्या तोंडाकडं पाहिलं आणि मामा हसणार असं दिसल्यावर तेही हसायला लागले.

"मॅडम, हाय तीच एक संभाळंना," सर्जेराव म्हणाला. "दुसरी काय तुमी माहेरनं घिऊन आलाय का?"

शेड दणाणली. मगदूम मॅडमही हसल्या. फौंड्रीच्या सुरक्षा अधिकारी म्हणून त्यांना येऊन वर्षही झालं नव्हतं, आणि मामाची चेष्टा अंगावर घ्यायला शिकल्याशिवाय इथं निभाव लागत नाही हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पण त्यांचा प्रश्न खराच होता.

"आहे मामा. आणि ती एका जागी नाही, फिरते आहे. नकाशात दिसते."

आता या नकाशाचं सांगायचं तर आधी टोपीचं सांगावं लागेल.

शिरोलीच्या त्या फौंड्रीत छोटे साचे ओतायला यंत्रं आली होती, पण पाणी उपसायच्या पंपांची धिप्पाड कास्टिंगं अजून माणसंच ओतायची. उन्हाळे मात्र पहिल्यासारखे राहिले नव्हते. होळीच्या आधीच पत्रा असा तापायचा की डोकं वर करवत नसे. ठिकठिकाणी भट्टीपुढं माणसं कोसळली, काही उठलीच नाहीत, आणि मग कायदा झाला: वितळलेल्या धातूजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर 'संवेदक शिरस्त्राण' असलंच पाहिजे. हा शब्द फौंड्रीत कुणाच्याच तोंडात बसला नाही. सगळे तिला टोपी म्हणत.

दिसायला ती नेहमीच्या पिवळ्या हेल्मेटसारखीच होती. करामत होती कपाळाला टेकणाऱ्या आतल्या पट्टीत. तिच्यातला एक बारीक दिवा कातडीत हिरवा उजेड सोडायचा. रक्त हा हिरवा उजेड पिऊन टाकतं. ठोक्यासरशी कपाळात रक्त भरलं की परत येणारा उजेड कमी व्हायचा, रक्त ओसरलं की वाढायचा. त्या उघडझापीवरून नाडी कळायची. शेजारी कातडीची आणि शरीराच्या आतली उष्णता मोजणारे दोन मणी, घामातलं मीठ ओळखणारा एक पातळ तुकडा आणि डोक्याला बसलेला धक्का टिपणारा एक कण. हे सगळं क्षणोक्षणी वरच्या केबिनमधल्या संगणकाकडं जायचं. माणूस कोसळायच्या बेताला आला की त्याची टोपी कानाशी कोकलायची आणि ओतकाम आपोआप थांबायचं.

संगणकाला शिकवणाऱ्यांनी एकच गोष्ट शिकवली होती: माणसावर ताण येतो तो उष्णतेनं. त्यामुळं जिथं माणसांचा ताण वाढेल तिथं तो नकाशावर लाल डाग काढायचा. भट्टीच्या जागी मोठा लाल डाग होता, तो असायचाच. पण दुसरा एक डाग शेडभर हिंडत होता. तो जवळ आला की टोप्या कोकलायच्या, काम थांबायचं, आणि लॅडलमधलं, म्हणजे ओतायच्या त्या भल्यामोठ्या बादलीतलं, लोखंड थंड होऊन वाया जायचं. वर्क्स मॅनेजर पाटणकर साहेबांचं त्यामुळं हल्ली कुणाशीच धड बोलणं होत नव्हतं.

"मी शोधून देतो तुमची भट्टी," सर्जेराव म्हणाला. "पळून पळून जातीय कुठं!"

सर्जेराव याच शेडमध्ये साचे दाबत मोठा झाला आणि पाळीचा इन्चार्ज झाला तरी त्याला कुणी साहेब म्हटलं नाही. सगळे मामा म्हणत. त्याचा सख्खा धाकटा भाऊ उत्तम लॅडलच्या चाकावर होता, कामावर तोही मामाच म्हणायचा. याचा सर्जेरावला कोण अभिमान. पै-पाहुण्यांत बसला की सांगायचा, "आपल्यात धाक-बिक न्हाई. घरच्यासारखं हाय सगळं."

सकाळी शेडमध्ये शिरला की प्रत्येकाच्या पाठीमागून जायचं आणि टोपीवर पंजाची एक टपली द्यायची, हा त्याचा शिरस्ता. टपलीबरोबर एक टोमणा. क्रेन चालवणाऱ्या इरफान मुल्लाणीचं लग्न होऊन पोरं शाळेत जायला लागली तरी त्याला तो 'नवरदेव' म्हणायचा. हडकुळ्या नेमगोंडाला 'वारं सुटलंय, धरून ऱ्हा' म्हणायचा. आणि उत्तमला पूर्वी एकदा कावीळ झाली असताना भट्टीपुढं भोवळ आली होती, ती मामानं कधी विसरू दिली नाही. "काय बाळ, दमलास का? जा, बस सावलीत. पाळणा बांधू?" सगळे पोट धरून हसायचे. उत्तम सगळ्यात मोठ्यानं हसायचा.

मग भट्टीचा शोध सुरू झाला. लॅडल तापवायची बर्नरची गाडी सर्जेरावनं संशयित ठरवली. ती शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलत नेली, स्वतः मागून चालला, वाटेत दोघांना टपल्या दिल्या. लाल डाग गाडीबरोबर नीट चालताना दिसला. "सापडली!" म्हणून त्यानं आरोळी ठोकली. दुसऱ्या दिवशी गाडी कुलपात ठेवली, तरी डाग फिरतच होता. मग वायरी तपासल्या, छताचे पंखे तपासले, आणि या सगळ्या तपासाला डाग न चुकता हजर होता.

शेवटी मगदूम मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. पडद्यावर गेल्या चार दिवसांचा नकाशा भराभर पळवून दाखवला. सर्जेराव खुर्ची पुढं ओढून, चष्मा नाकावर सरकवून बघत बसला.

"बघा, सकाळी दारातून आत येते. मग ही अशी रांगेनं सगळ्यांजवळून जाते. इथं पाण्याच्या टाकीशी थांबते," मॅडम म्हणाल्या. "काल दुपारनंतर मात्र कुठंच नव्हती. कालच फक्त. काल दुपारी एकसुद्धा टोपी वाजली नाही."

"काल दुपारी?" सर्जेराव म्हणाला. "काल दुपारी तर मी दात काढायला..."

तो थांबला. मगदूम मॅडम पडद्याकडंच बघत राहिल्या. त्यांना आधीच माहीत होतं हे त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, आणि लक्षात आलं तेव्हा त्याच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

"यंत्र बिघडलंय तुमचं," तो म्हणाला.

"मलाही आधी तसंच वाटलं. पण मग एक गोष्ट दिसली." त्यांनी दोन आलेख शेजारी शेजारी ठेवले. "उष्णतेनं नाडी वाढते ती हळूहळू, चढण चढल्यासारखी. आणि शरीर आतली उष्णता बाहेर टाकायला कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडतं, त्यामुळं कपाळ तापतं. हा भट्टीजवळचा आलेख. आता हा दुसरा. इथं नाडी एकदम उडी मारते. आणि कपाळ, मामा, कपाळ गार पडतं. रक्त कातडीतून निघून हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडं जातं, पळायला किंवा मारायला. दोन ठोक्यांमधलं अंतर निवांत माणसात थोडं कमीजास्त होत असतं, तेही इथं घड्याळासारखं एकसारखं झालंय. हे उष्णतेनं होत नाही."

"मग कशानं हुतंय?"

"भीतीनं."

सर्जेराव हसला. त्याला हसूच आलं. "मॅडम, पोरं हसत असत्यात माझ्यासंगं! तुमीच बघताय की रोज."

त्यांनी परवाच्या चहाच्या वेळचा तुकडा लावला. टोप्यांत आवाजही नोंदला जायचा. सर्जेरावला स्वतःचा आवाज ऐकू आला, 'पाळणा बांधू का?' आणि मागून हशाचा लोट. पडद्यावर सात रेघा होत्या. हशा सुरू झाला त्या क्षणी सहा रेघा एकदम वर गेल्या आणि खाली यायचं नाव घेईनात. एक रेघ सगळ्यात वर होती.

"ही कुणाची?"

"उत्तमची."

सातवी रेघ मात्र सुरेख होती. संथ, खालच्या अंगाला, मऊ लाटांसारखी. दिवसभरातला सगळ्यात शांत तुकडा तोच होता. "आणि ही?" असं त्यानं विचारलं, आणि विचारता विचारताच त्याला उत्तर कळलं. ती त्याची स्वतःची होती. भावाचं काळीज छातीत उड्या मारत होतं त्या क्षणी त्याचं काळीज जेवण करून लवंडलेल्या माणसासारखं चाललं होतं.

त्यानं चष्मा काढून पुसला. पुसून झाल्यावर परत पुसला. असली लाज त्याला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती, आणि तिचं करायचं काय हेही त्याला माहीत नव्हतं. वडील गेल्यावर त्यानं उत्तमला पोटच्या पोरासारखा वाढवला होता. नोकरीला लावला होता. लग्न करून दिलं होतं. त्या भावाचं कपाळ तो जवळ आला की गार पडत होतं.

दुसऱ्या दिवशी पाटणकर साहेबांच्या खोलीत तिघं बसले. साहेबांना भीती, काळीज वगैरेमध्ये रस नव्हता. त्यांना ओतकाम चालू राहायला हवं होतं.

"सोपं आहे," ते म्हणाले. "मामांच्या टोपीचा नंबर संगणकाला द्या. मामा जवळ असले की जेवढा ताण वाढतो तेवढा वजा करून टाका. फुकटचा अलार्म बंद."

"आणि त्याच वेळी कुणाला खरंच उष्माघात होत असेल तर?" मगदूम मॅडम म्हणाल्या. "तोही वजा होईल. साहेब, हे मला पटत नाही. त्यापेक्षा मामांनी महिनाभर शेडबाहेर, साच्यांचे लाकडी नमुने करायच्या पॅटर्न विभागात बसावं. आणि माणसांना कारण सांगावं. उघड."

पाटणकर साहेबांनी खांदे उडवले. "मामा, तुम्ही बोला. तुमची माणसं आहेत."

कारण उघड सांगायचं म्हणजे काय, ते सर्जेरावला लख्ख दिसलं. इरफानच्या बायकोपासून कोपऱ्यावरच्या चहावाल्यापर्यंत सगळ्यांना कळणार. गावात पारावर विषय होणार. चौगुल्यांचा सर्जा, ज्याला सगळे मामा म्हणतात, तो शेडमध्ये आला की माणसं भितात, आणि हे यंत्रानं पकडलं.

"वजाच करा," तो म्हणाला. "मी टपल्या मारायचं बंद करतो. शब्द देतो. मग काय वजा करायला उरायचंच न्हाई."

मगदूम मॅडमनी त्याच्याकडं बघितलं. त्या नवीन होत्या, आणि साहेब वरचे होते. त्यांनी वजाबाकी चालू केली.

शब्द मात्र सर्जेरावनं पाळला. दुसऱ्या दिवसापासून तो कुणाच्या पाठीमागून गेला नाही. हात खिशात घालून शेडच्या मधून चालायचा, समोरून यायचा, 'बरं चाललंय का?' एवढंच विचारायचा. चहाला बसला तरी गप्प. त्याला वाटलं होतं, दोन दिवसांत सगळं निवळेल.

झालं उलटंच. मामा गप्प आहे म्हटल्यावर शेडला घाम फुटला. कुणाचं काय चुकलं? कुणाला काढणार? नेमगोंडा तर रोज देवाला नारळ बोलायला लागला. इतके दिवस टपली कधी बसणार हे निदान माहीत असायचं. बसली की ती दिवसापुरती संपायची. आता ती येणार होती आणि येत नव्हती. टोप्यांतल्या रेघा आणखी वर चढल्या आणि हुशार संगणकानं वजाबाकीही त्या मापानं वाढवून घेतली. मामा जवळ असला की शेडमधल्या कुठल्याच टोपीला आता तोंड राहिलं नव्हतं.

मगदूम मॅडमनी पाटणकर साहेबांना हे सांगितलं. साहेब म्हणाले, अलार्म होतोय का? नाही ना? मग.

एप्रिलातली एक दुपार होती. वारा पडला होता. मोठ्या पंपाच्या कास्टिंगचं ओतकाम सुरू होतं. इरफाननं क्रेननं लॅडल साच्याशी आणून थांबवली होती आणि उत्तम तिचं चाक फिरवत होता. हे चाक हळूहळू फिरवायचं, म्हणजे लॅडल कलते आणि लोखंडाची धार साच्याच्या तोंडात सारखी पडते. मध्ये थांबलं की कास्टिंग वाया. सर्जेराव उत्तमपासून चार हातांवर उभा होता. हल्ली तो मुद्दाम उत्तमच्या जवळ उभा राहायचा. काहीतरी चांगलं बोलावं असं त्याच्या मनात असायचं आणि काय बोलावं ते सुचत नसे.

उत्तमचा चेहरा कोरडा होता. ही गोष्ट सर्जेरावच्या नजरेनं आधी टिपली आणि मग त्याच्या मनानं. बाकीचे घामानं निथळत होते आणि उत्तमचं कपाळ, गाल, मान, सगळं कोरडं आणि लालभडक. चाकावरचे हात थोडे चुकत होते. सर्जेरावनं आयुष्य भट्टीपुढं काढलं होतं. हे लक्षण बरं नाही एवढं त्याला कळत होतं. पण टोपी गप्प होती. टोपी गप्प आहे म्हणजे तसं काही नसेल, असं त्याला वाटलं, आणि ती गप्प का आहे हे त्याला त्या घटकेला आठवलंच नाही.

तरी तो पुढं झाला. आवाज शक्य तितका मऊ केला.

"उत्तम, दमला असशील. जा, बस सावलीत."

त्याच्या तोंडून तेच शब्द आले. त्याच्याकडं दुसरे नव्हते. उत्तमनं झटकन मान वळवली, भावाच्या तोंडाकडं बघितलं आणि हसला. ओठ चिकटले होते, तरी हसला.

"न्हाई मामा! एकदम टकाटक!" आणि त्यानं चाक आणखी घट्ट धरलं.

पलीकडं नेमगोंडाही सवयीनं हसला.

सर्जेराव मागं सरला. मनात म्हणाला, बघ, म्हणतोय की टकाटक. थोड्याच वेळात उत्तमचे हात चाकावरून निसटले. तो काही बोलला नाही, ओरडला नाही. गुडघ्यांत दुमडला आणि पाठीवर वाळूत पडला. चाक जागच्या जागी अडकून राहिलं, तशी सोय त्यात होती, म्हणून लॅडल उलटली नाही. नाहीतर पुढचं सांगायला कुणी उरलं नसतं. इरफाननं क्रेनवरून उडीच टाकली. उत्तमला ओढत बाहेर नेलं, पाण्याच्या टाकीत घातलं, कॅन्टीनमधला सगळा बर्फ त्याच्या अंगावर ओतला. उत्तमचे डोळे उघडे होते पण ओळख नव्हती. तो काहीबाही बरळत होता. त्यातला एकच शब्द सगळ्यांना समजला: "टकाटक."

तो वाचला. दवाखान्यात पहिले दोन दिवस आशा-निराशेत गेले, मग मूत्रपिंडं चालू झाली, मग तो माणसं ओळखायला लागला. डॉक्टर म्हणाले, एकदा असा तापून गेलेला देह परत उष्णता सोसत नाही. भट्टीपुढं आता उभं राहायचं नाही.

मगदूम मॅडमनी त्या दुपारचा आलेख वजाबाकी काढून पुन्हा मांडला. सर्जेरावला बोलावून दाखवला. टोपी पाव तास आधी ओरडली असती. त्यांचे डोळे लाल होते.

"मीही चालू करायला नको होतं," त्या म्हणाल्या. "मी राजीनामा देऊन सगळं वर कळवणार आहे. तुमचं नाव तुम्ही सांगायचं की मी, एवढं ठरवा."

गप्प राहणं सर्जेरावला अजून जमण्यासारखं होतं. पाटणकर साहेब तर यंत्राचा दोष म्हणून मोकळे झाले होते. पण पाव तास हे दोन शब्द त्याच्या डोक्यातून हटत नव्हते. त्या पाव तासात तो चार हातांवर उभा होता.

सकाळची पाळी सुरू व्हायच्या आधी सगळे पिवळ्या रेषेमागं उभे राहून सुरक्षेची शपथ म्हणतात. ती झाल्यावर सर्जेराव पुढं आला.

"मला एक सांगायचंय. ती फिरती भट्टी सापडली. ती मी हाय."

सगळे हसले. मोठ्यानं, एकदम, नेहमीसारखे. सर्जेराव थांबला, म्हणजे हसणं संपेल. पण तो थांबलाय म्हणजे आणखी हसायला हवं असं त्यांना वाटलं आणि हशा वाढला. त्या हशाच्या मध्यावर तो उभा होता आणि त्याला सगळ्या रेघा वर जाताना दिसत होत्या. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. तरी तो बोलत राहिला. टोप्या काय सांगत होत्या, आपण कशाला हो म्हटलं, उत्तमची टोपी का वाजली नाही. मागच्या रांगेतले अजून हसतच होते.

इरफाननं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"मामा, ही चेष्टा हाय का खरं हाय?" त्यानं विचारलं. "एकदा सांगून टाका, म्हंजी आमी काय करायचं ते कळंल."

"खरं हाय, इरफान."

मग हशा विझला. पुढच्या रांगेत आधी, मागच्या रांगेत नंतर. कुणी शिवी दिली असती तर सर्जेरावला बरं वाटलं असतं. माणसं त्याच्याकडं न बघता आपापल्या जागी गेली, आणि इरफान जाता जाता टोपी परत डोक्यावर घालायला विसरला.

दुपारी सर्जेराव दवाखान्यात गेला. खोलीच्या दारात उत्तमची बायको राजश्री भेटली. तिला त्यानं तिथंच सगळं सांगायला तोंड उघडलं, पण ती घाईत होती. "दादा, बसा ह्यांच्याजवळ, मी औषधं घेऊन येते," म्हणाली आणि गेली.

उत्तम उशीला टेकून बसला होता. गालफडं बसली होती, हात थरथरत होते. सर्जेराव स्टुलावर बसला.

"इरफानचा फोन आल्ता," उत्तम म्हणाला. जीभ अजून जड होती. "खरं हाय ते?"

"खरं हाय."

"का पर?"

वाटेत सर्जेरावनं पुष्कळ उत्तरं जमवली होती. साहेबांचा दबाव, वाया जाणारं लोखंड, दोन दिवसांत निवळेल असं वाटणं. त्यातलं एकही आता तोंडातून निघेना.

"लाज वाटली," तो म्हणाला. "तुमी सगळी मला भिताय हे लोकांस्नी कळंल म्हणून."

उत्तमनं यावर विचार केला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तेवढी ताकदच नसावी.

"लोकांस्नी म्हाईतच हुतं की, दादा. तुमालाच तेवढं न्हवतं."

पंखा फिरत होता. सर्जेरावनं मान खाली घातली. खूप वर्षांनी उत्तमनं त्याला दादा म्हटलं होतं, आणि तेही अशा वाक्यात.

"मला डोळ्यांपुढं अंधारी आल्ती," उत्तम थांबत थांबत बोलत राहिला. "तुमी म्हणाला, बस सावलीत. मनात आलं, बसावं. मग म्हटलं, बसलो तर चेष्टेला वरीसभर पुरंल ह्यास्नी. त्यापरीस पडलेलं बरं."

"मी खरंच म्हणत हुतो, उत्तम. त्या दिवशी खरंच म्हणत हुतो."

"आसंल. मला कसं कळायचं?"

सर्जेरावचे डोळे भरून आले. माफी मागायची ती कशी मागावी हे त्याला कळत नव्हतं. घरात मोठ्यानं धाकट्याची माफी मागायची रीतच नव्हती. तरी त्यानं हात जोडले. उत्तमला ते बघवेना, त्यानं खिडकीकडं तोंड केलं.

"दादा, एक सांगू?"

"सांग की."

"उद्यापासनं यिऊ नगा. राग न्हाई काय. पर यिऊ नगा. बरा झालो म्हंजी मीच सांगंन."

उत्तम हे हसल्याशिवाय बोलला. सर्जेराव वाट बघत राहिला, आत्ता हसेल, मग हसेल. तो हसला नाही. भावाचा न हसता बोललेला आवाज असा असतो, हे सर्जेरावला त्या वेळी कळलं.

"बरं," तो म्हणाला. "न्हाई येत."

त्यानं स्टूल आवाज न करता मागं सरकवलं आणि उठला. दारापर्यंत पोचला तोच मागून जड, एकसारखा श्वास ऐकू आला. वळून पाहिलं तर उत्तमची मान उशीवर कलली होती, थरथरणारे हात चादरीवर स्वस्थ पडले होते. राजश्री औषधांची पिशवी घेऊन दारात आली, तिनंही पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"लागली बाई झोप एकदाची!" ती कुजबुजली. "इथं आल्यापासनं डोळ्याला डोळा न्हवता त्यांच्या. बघा दादा, तुमी आलासा आणि लागली."

"मी आलो म्हणून न्हाई गं," सर्जेराव म्हणाला. "निघालो म्हणून." आणि त्यानं दार हळूच ओढून घेतलं.